सीमाभागात बाळाचे नाव ठेवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीकडे जन्मलेल्या मराठी मुलाचे नाव जन्मभर तीन लिप्यांत लिहिले जाते. घरात, लग्नपत्रिकेत आणि मराठी शाळेच्या हजेरीपटावर ते देवनागरीत असते, जन्मदाखल्यावर आणि आधार कार्डावर कन्नडमध्ये असते, आणि बँकेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे इंग्रजीत असते. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या आईवडिलांना नाव गोड आहे का आणि त्याचा अर्थ चांगला आहे का, एवढे पाहून भागते. आपल्याकडे मात्र हे नाव तिन्ही ठिकाणी तेच राहील का, हा प्रश्न नाव ठरवण्याआधीच विचारावा लागतो, आणि दुर्दैवाने बहुतेक घरांत तो दाखला हाती पडल्यावरच सुचतो.

घाई करू नये, ही पहिली गोष्ट. बारसे साधारणपणे बाराव्या दिवशी होते आणि जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. बाळाचा जन्म दवाखान्यात झाला असेल, तर ही माहिती निबंधकाला कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, म्हणून तेथील कर्मचारी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फॉर्म पुढे करून नाव विचारतात. बाळंतीण अजून धड उठून बसलेली नसते, वडील औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत असतात, आणि अशा वेळी तोंडाला येईल ते नाव, येईल त्या स्पेलिंगने लिहून दिले जाते. वास्तविक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नावाशिवायही जन्माची नोंद होते आणि नाव मागाहून भरता येते. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्क पडत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते. म्हणून नाव ठरलेले नसेल तर नावाचा रकाना कोरा ठेवा, असे स्पष्ट सांगावे, आणि बारसे आटोपल्यावर शांतपणे नाव नोंदवावे. मात्र ‘सावकाश बघू’ म्हणत वर्ष उलटू देऊ नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, आधार अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर निभावून नेता येत असे, ते दिवस संपले.

आता नाव कोठून घ्यायचे याकडे वळू. आपल्या भागातील जुनी नावे यल्लाप्पा, मल्लाप्पा, कल्लाप्पा, नागाप्पा, भरमाण्णा अशी आहेत, आणि ती ऐकून महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ‘तुम्ही कन्नड का?’ असे हमखास विचारतात. ही नावे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि प्रत्येकामागे एक दैवत आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मावरून यल्लाप्पा, मल्लय्यावरून मल्लाप्पा, गावच्या कल्मेश्वरावरून कल्लाप्पा, ब्रह्मलिंगावरून भरमा किंवा भरमाण्णा. अप्पा म्हणजे वडील आणि अण्णा म्हणजे थोरला भाऊ हे कन्नडमधले जोड मराठी बोलीत इतके मुरलेले आहेत, की ते उसने आहेत याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. निपाणी-चिकोडीकडे याचेच दुसरे रूप दिसते. तेथे अण्णासाहेब, बाळासाहेब, भाऊसाहेब, रावसाहेब ही आदराची संबोधने नसून दाखल्यावरची नावे असतात, त्यामुळे पाळण्यातले बाळसुद्धा पहिल्या दिवसापासून ‘साहेब’ असते.

थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. या रीतीत एक अडचण आहे, आणि ती जुन्या बायकांना चांगली ठाऊक आहे: सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नसते. म्हणून त्या मुलाला घरात अप्पा, तात्या किंवा अज्जा म्हणूनच हाक मारली जाते आणि दाखल्यावरचे नाव शाळेत जाईपर्यंत त्याच्या कानावरही पडत नाही. आजोबांचे नाव ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, पण मग ते वापरावेही. नाही तर त्या नावामागचे दैवत घेऊन नवे नाव शोधावे, हा मार्ग मला अधिक पसंत आहे. यल्लम्मा म्हणजेच रेणुका आणि तिचा पुत्र परशुराम, तेव्हा यल्लाप्पाच्या नातवाला भार्गव हे नाव शोभते आणि नातीला रेणुका. नागाप्पाचा नातू नागेश, मल्लाप्पाचा मल्हार. आजोबांना कारण समजावून सांगितले, तर ते सहसा रुसत नाहीत. रुसलेच तर बारशाच्या दिवशी पाळण्यात दोन नावे ठेवण्याची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेलीच आहे.

ज्यांना नावरस, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारे नावाचे पहिले अक्षर, पाहायचा आहे, त्यांनी जन्मवेळ मिनिटासह टिपून ठेवावी. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि प्रत्येक नक्षत्राचे चार चरण असल्यामुळे एक चरण सुमारे सहा तासांचा होतो. सत्तावीस नक्षत्रांचे मिळून एकशे आठ चरण, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. अशी ही परंपरा आहे आणि मराठी व कन्नड पंचांगांत ती सारखीच आहे. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ञ येतो, तेव्हा आईवडील घाबरून जातात. त्यांच्याऐवजी अनुक्रमे ग, ड आणि ज धरावेत, असा परंपरेतच तोडगा आहे. नावरस नाव हेच व्यवहारातले नाव असले पाहिजे, असे मात्र मुळीच नाही. ते पत्रिकेत राहू द्यावे आणि रोजच्या वापराला आपल्याला रुचेल ते नाव घ्यावे. एका अक्षरासाठी ‘ठ’ किंवा ‘ढ’वरून काहीतरी ओढूनताणून शोधण्यात आणि मग ते आयुष्यभर मुलाच्या गळ्यात बांधण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

इंटरनेटवरच्या याद्यांविषयी एकच सांगतो. त्यांतले अर्थ कोशात पडताळल्याशिवाय खरे मानू नयेत. ‘रेयांश’ म्हणजे सूर्यकिरणाचा अंश असे तेथे सांगितलेले आढळते. संस्कृतात किरणाला ‘रे’ म्हणत नाहीत, तो शब्द इंग्रजीतून आलेला आहे आणि त्याला मागे ‘अंश’ चिकटवलेला आहे. नाव ऐकायला गोड वाटत असेल तर ठेवायला हरकत नाही, पण बारशाला आलेल्या गुरुजींसमोर त्याचा संस्कृत अर्थ सांगू नये.

दोन-तीन नावे नक्की झाली, की त्यांची कानाने परीक्षा घ्यावी. आज्जीला परसातून लांबवर हाक मारायला सांगावे. ज्या नावाचा शेवट हाकेत विरून जातो, ते नाव घरात लवकरच तुटते आणि त्याचे काहीतरी वेगळेच टोपणनाव होते. मग ते नाव कन्नड बोलणाऱ्या एखाद्या शेजाऱ्यासमोर उच्चारून त्याचा चेहरा पाहावा. इला हे सुंदर आणि प्राचीन नाव आहे, परंतु कन्नडमध्ये ‘इल्ल’ म्हणजे ‘नाही’, आणि हजेरी घेताना ‘इला’ म्हटल्यावर वर्गात काय होईल ते सांगायला नको. टोपणनावांत तर हा घोळ अधिक होतो, कारण ती कोणी विचार करून ठेवत नाही. मीनू म्हणजे कन्नडमध्ये मासा, साकू म्हणजे पुरे, नीरू म्हणजे पाणी, बिट्टू म्हणजे सोडून. यातले नीरू निरुपद्रवी आहे आणि मीनूही कोणी मनावर घेत नाही. परंतु साकूचा विचार जरूर करावा. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली होती, आणि आपण प्रेमाने सखूची साकू करतो तेव्हा कन्नड कानाला जवळजवळ तेच ऐकू येते. उलट बाजूनेही असेच घडते. मुत्तू म्हणजे कन्नडमध्ये मोती, पण मराठी मुलांच्या घोळक्यात त्या नावाच्या मुलाची काय अवस्था होते, ते मी लहानपणी पाहिलेले आहे. ताईबद्दलही लक्षात असू द्यावे: आपली ताई थोरली बहीण आणि कन्नडमधली ‘तायि’ म्हणजे आई, तेव्हा मुलीच्या नावापुढे ‘ताई’ जोडून नोंद करू नये.

आता ज्या भागात सर्वाधिक चुका होतात तो भाग, म्हणजे लेखन. दाखल्यावरचे कन्नड नाव बहुतेक वेळा आपण उच्चारलेल्या मराठी नावावरून लिहिले जात नाही. आपण फॉर्मवर इंग्रजी नाव लिहितो आणि समोरचा माणूस किंवा संगणक त्या इंग्रजी अक्षरांवरून कन्नड करतो. म्हणजे मराठी आणि कन्नड या एकमेकींच्या अंगणात वाढलेल्या दोन भाषा, ज्यांच्याकडे ळ आहे, ण आहे, ऱ्हस्व-दीर्घ आहे, त्या एकमेकींशी इंग्रजीतून बोलतात, आणि इंग्रजीकडे यातले काहीच नाही. बाळ हा शब्द इंग्रजीतून गेला की कन्नडमध्ये ‘बाल’ होतो, आणि कन्नडमध्ये बाल म्हणजे शेपटी. तोच ळ नीट राहिला तर ‘बाळु’ म्हणजे जगणे, आयुष्य. कल्लाप्पाच्या बाबतीत नेमके उलटे होते. येथे ल हवा. इंग्रजीतल्या दोन ‘एल’ अक्षरांवरून कोणी ळ्ळ लिहिला, तर कल्मेश्वराच्या भक्ताचा ‘कळ्ळ’ म्हणजे चोर होऊन जातो.

‘ज्ञ’ हे अक्षर तर पालकांची खरी कसोटी पाहते. मराठीत आपण ज्ञानेश्वर, प्रज्ञा, विज्ञान यांचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो आणि इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ लिहितो. कन्नड लिहिणाऱ्याला ते ‘ज्ञ’ आहे हे कळण्याचा काही मार्ग नसतो, म्हणून तो ‘ड्न्यानेश्वर’ असे लिहून मोकळा होतो. कन्नडमध्ये ज्ञ हे अक्षर आहे आणि तेथेही ज्ञान म्हणजे ज्ञानच. फक्त ते लिहायला सांगावे लागते. ऋतुजा, ऋषिकेश, कृष्णा अशा नावांत ‘आर-यू’ लिहायचे की ‘आर-आय’, हे घरातच एकदा ठरवावे आणि भावंडांच्या बाबतीत ते बदलू नये.

‘त’चा प्रश्न वेगळा आहे, कारण तो चुकीचा नसून रिवाजाचा आहे. कर्नाटकात त लिहिताना ‘टी’नंतर ‘एच’ घालण्याची सवय आहे, म्हणून आपली लता, सविता, गीता आणि रोहित कागदावर लथा, सविथा, गीथा आणि रोहिथ अशी दिसू लागतात. यातले कोणतेही रूप निवडावे, पण जाणूनबुजून निवडावे. वडिलांनी एका कागदावर ‘एच’ घालून आणि दुसऱ्यावर ‘एच’शिवाय लिहिले, तर पुढे दोन वेगळ्या माणसांचे कागद एकाच मुलाकडे जमा होतात. त्याचप्रमाणे कन्नड वळणाने मुलांच्या नावाच्या शेवटी ‘ए’ लावला जातो. वरद हा मुलगा तेथे वरदा होतो, आणि तीच मुलाखतीची यादी पुण्यात गेली की तेथे मुलीला बोलावतात. कृष्ण आणि कृष्णा, आर्य आणि आर्या यांचे इंग्रजी एकच असते, म्हणून अशा नावांच्या फॉर्मवर मुलगा की मुलगी हा रकाना दोनदा तपासावा.

लहान आणि गोड नावांनाही हीच अडचण अधिक येते. आमच्या घरात एका मुलीचे नाव सई ठेवले. इंग्रजीतून ते ‘साई’ झाले, आणि कन्नड दाखल्यावर ‘सायि’. देव म्हणून ते चालले असते, पण कन्नडमध्ये ‘सायि’चा दुसरा अर्थ ‘मर’ असाही होतो, हे तिच्या कन्नड शिकलेल्या मामाने सांगितल्यावर आज्जीने दोन दिवस कोणाशी बोलणे टाकले होते. तसेच जाई ही मुलगी ‘जय’ होऊन मुलगा ठरते. ही नावे टाळावीत असे मी म्हणणार नाही, ती फार सुंदर आहेत. पण त्यांचे स्पेलिंग विचार करून ठरवावे आणि कन्नड रूप स्वतः लिहून द्यावे.

पूर्ण नावाचा क्रमही आधीच ठरवावा. आपली पद्धत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी आहे. कर्नाटकाच्या दक्षिण भागात आडनावाऐवजी आद्याक्षरे लावतात. दाखल्याच्या फॉर्मवर वडिलांसाठी वेगळा रकाना असतो म्हणून कित्येक जण बाळाच्या रकान्यात फक्त ‘ओंकार’ लिहितात, आणि मग पासपोर्टच्या वेळी आडनाव कोठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो. बाळाच्या रकान्यात तिन्ही शब्द लिहावेत. आडनाव येळ्ळूरकर, सांबरेकर, जांबोटकर असे लांब असेल, तर नाव दोन-तीन अक्षरांचे बरे. आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग मात्र त्यांच्या स्वतःच्या आधार कार्डाप्रमाणेच द्यावे. गावाच्या नावाचा आग्रह येथे धरू नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे, त्यामुळे वडिलांच्या जुन्या कागदांवर एक आणि बाळाच्या दाखल्यावर दुसरे नाव येणारच. त्यात चूक काही नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत नोंदणीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण जन्म जेथे झाला तेथेच त्याची नोंद होते. सून चंदगड किंवा गडहिंग्लजची असेल आणि बाळंतपण तिकडे झाले, तर दाखला महाराष्ट्राचा, मराठी आणि इंग्रजीत मिळतो. दुसरे बाळ बेळगावात झाले की त्याचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत. चंदगडचे लोक बेळगावच्या दवाखान्यांत येतात, त्यांचे याच्या उलट होते. अशा घरांत दोन्ही भावंडांना जोडणारा धागा इंग्रजी स्पेलिंग हाच असतो. थोरल्याच्या दाखल्यावर आडनाव आणि वडिलांचे नाव जसे लिहिले आहे, तसेच अक्षर न अक्षर धाकट्याच्या फॉर्मवर उतरवून काढावे.

बारशाचा सोहळा तर वेगळा सांगायला नको. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवले जाते, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते, घुगऱ्या वाटल्या जातात. मात्र आत्याला नाव आदल्या दिवशीच लिहून द्यावे. ऐनवेळी तिने स्वतःच्या पसंतीचे नाव सांगितल्याची उदाहरणे आहेत, आणि एकदा पाळण्यात पडलेले नाव गल्लीतल्या बायका बदलू देत नाहीत.

आता नोंदणी. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात आणि खेड्यात तेथील निबंधकाकडे जाताना एक चिठ्ठी सोबत न्यावी. तिच्यावर नाव देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत, ठसठशीत आणि सुटे अक्षर काढून लिहिलेले असावे. कन्नडमध्ये ए आणि ओ प्रत्येकी ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन असतात. तेजस, वेदांत, ओंकार, योगेश अशा आपल्या नावांतले ए आणि ओ दीर्घ लिहिलेले आहेत का, ते पाहावे. दाखला छापण्याआधी मसुदा दाखवा, अशी नम्रपणे विनंती करावी. बहुतेक कर्मचारी दाखवतात, कारण मागाहून दुरुस्तीचा अर्ज आला तर काम त्यांचेच वाढते. लिहिण्यातली चूक कलम १५ खाली दुरुस्त होते, परंतु नोंदवलेले नाव आवडले नाही म्हणून दुसरे ठेवायचे, ही दुरुस्ती ठरत नाही. त्याला प्रतिज्ञापत्रापासून सुरू होणारा लांबचा रस्ता आहे. आधारवरचे नावसुद्धा आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा बाळाचे निळे आधार दाखला नीट झाल्यावरच काढावे.

मसुदा हाती आल्यावर तो स्वतः तपासू नये. आपल्याला नाव माहीत असते, म्हणून चुकलेले अक्षरही डोळ्यांना बरोबरच दिसते. मराठी शाळेत जाणारी आपली मुलेही कन्नड शिकतात, त्यामुळे प्रत्येक घरात सातवी-आठवीतला एखादा पुतण्या किंवा भाची असतेच. त्या मसुद्याचा मोबाइलवर फोटो काढून, इंग्रजी ओळ बोटाने झाकून, फक्त कन्नड ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगावे. आणि त्याने वाचलेले नाव पाळण्यात ठेवलेलेच असेल, तर सही करावी.